गाणी मागायला गेले, पाड्याने शिवेची नावं मागितली

प्रश्न थोडक्यात असा: ‘पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी झाली आहे. डहाणू, तलासरी, जव्हार पट्ट्यातल्या वारली समाजाची लग्नगीतं, कथागायन आणि झाडपाल्याची माहिती नष्ट होण्याआधी नोंदवायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, सहयोगी पद्धतीने करा. म्हणजे नेमकं काय करायचं? संमतीपत्र, मानधन, ध्वनिमुद्रणांची मालकी हे सगळं कसं हाताळायचं?’

या पट्ट्यात मी पंचविसेक वर्षं येते-जाते आहे. मी वारली नाही, पुण्यात वाढले, आणि पहिली चार-पाच वर्षं मी जे केलं त्यातलं बरंचसं आज करणार नाही. तेव्हा हे उत्तर थोडं स्वतःच्या चुकांचं आहे.

आधी तुमच्या प्रश्नातल्या ‘नष्ट होण्याआधी’ या शब्दांकडे या. पाड्यावर जाऊन हे बोलू नका. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला त्याचा अर्थ एवढाच कळतो की तो मरायच्या आत तुम्हाला काम उरकायचं आहे. शिवाय निदानही चुकीचं आहे. गाणी रेकॉर्ड न केल्यामुळे संपत नाहीत, गाण्याची वेळ संपते म्हणून संपतात. दिवाळी झाली की निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. लग्न दोन दिवसांत उरकायचं असतं, दारात डीजे लागलेला असतो, आणि भिंतीवरच्या लग्नचित्रापाशी, म्हणजे चौकापाशी, बसून रात्रभर गाणाऱ्या धवलेरीला कोणी ऐकायला नसतं. धवलेरी म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी बाई. तिचं गाणं हाच विधी असतो, ते विधीच्या वेळचं करमणुकीचं गाणं नव्हे. तुमच्या हार्ड डिस्कवर तिची चाळीस तासांची गाणी असली आणि पुढच्या चैत्रात तिला कोणी बोलावलं नाही, तर काय जतन झालं?

आता सहयोगी म्हणजे काय. तुमच्या प्रश्नावलीला लोकांनी प्रेमाने उत्तरं दिली तर तो पाहुणचार झाला. प्रश्न कोणाचा आहे, यावर सहयोग ठरतो. मला हे २००८ साली कळलं, तेही माझ्या हुशारीने नाही.

मी कणसरीची कथा नोंदवायला गेले होते. कणसरी ही धान्याची देवी. तिची कथा भगत, म्हणजे देव बोलावणारे आणि झाडपाला देणारे जाणकार, घांगळीवर गातात. दोन भोपळ्यांचं हे तंतुवाद्य आता फार थोड्यांकडे उरलं आहे. पाड्यावर आंब्याखाली बैठक झाली, मी माझं सांगून झाले. एक म्हातारा म्हणाला, ‘बाई, तू गाणी नेशील. नेऊन काय करशील?’ मी म्हटलं, पुस्तक. ‘आणि आम्ही काय करू?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा मागे उभा असलेला एक तरुण बोलला. वनहक्काचे दावे भरायचे होते. कायदा २००६चा, नियम १ जानेवारी २००८पासून लागू झालेले. तालुक्याला कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पुरावा आणा, पुराव्याशिवाय दावा चालत नाही. आता जंगल आपलं असल्याचा कागद वारल्यांकडे कुठून येणार?

पुरावा गाण्यातच होता. भगत देव बोलावतो तेव्हा तो नुसती नावं घेत नाही, ठिकाणंही घेतो. गावदेवी कुठली, वाघ्या हा वाघदेव कुठल्या खिंडीतला, शिवेवरचा चेडा हा राखणदार कुठल्या झाडाखाली, कुठल्या ओहोळावर. आणि वनहक्क नियमांतला १३वा नियम उघडून बघा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन तिथे पुरावा म्हणून चालतं. देवाची झाडं, देवराया, पाणवठे, दफनभूमी, कंदमुळं गोळा करायच्या जागा, वैदू-भगतांचं झाडपाला आणायचं क्षेत्र, हे सगळं सामूहिक दाव्यासाठी ग्राह्य आहे. नियम लिहिणाऱ्यांनी लोकांच्या तोंडच्या ज्ञानाला इतकी जागा ठेवली होती, पण पाड्यापर्यंत ती बातमी पोहोचलेली नव्हती.

मग माझा प्रकल्प बाजूला राहिला. आम्ही शिवेने चाललो. पुढे दोन म्हातारे, मागे शाळा सोडलेली तीन-चार पोरं, वही पोरांकडे. ओढ्याला नाव, खडकाला नाव, एका उतारावर एकाच झाडापायी तीन नावं, कारण तीन कुळांचं तिथे तीन वेगळ्या कामांसाठी येणं. जिथे नावावरून वाद झाला तिथे दोन्ही नावं लिहिली. ती वही दाव्याला जोडली गेली. कणसरीची कथा मला त्यानंतरच्या वर्षी मिळाली, न मागता, खळ्यावर, आणि ती आधी ऐकलेल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी लांब होती.

हे काही मी शोधलेलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावात ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यासगट चालत आले. गावकरी आणि बाहेरचे एकत्र बसायचे, विषय गावाचा असायचा. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल तिथे वर्षानुवर्षं जात राहिले ते सहअध्यायी म्हणून. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यामागे कित्येक वर्षांचा कंटाळवाणा, चिकाटीचा अभ्यास होता, हे कमी जणांना माहीत असतं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला तो त्या अभ्यासाच्या जोरावर. वाचण्यापेक्षा तिथे जाऊन या. पण आधी ग्रामसभेला विचारून.

संमतीपत्राबद्दल. विद्यापीठाचा छापील नमुना घेऊन गेलात तर एक गोष्ट होईल, लोक गप्प होतील. ते तुमच्यावर रागावलेले नसतील. या भागात अंगठ्याचा इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायची, फिटेपर्यंत, आणि ते फिटायचं नाही. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५चा वारल्यांचा उठाव त्या वेठबिगारीविरुद्ध झाला, तलवाड्याला गोळीबार झाला. ज्याच्या आजोबाने कागदावर अंगठा दिला आणि बैल झाला, त्याच्यासमोर तुम्ही स्टॅम्पपॅड ठेवता आहात, एवढं लक्षात ठेवा.

आम्ही तोंडी संमती घेतो, साक्षीदारांसमोर, रेकॉर्ड करून, आणि एकदा नाही तर तीनदा. सुरू करण्यापूर्वी एकदा. मुद्रण झाल्यावर ते त्यांना पूर्ण ऐकवून दुसऱ्यांदा, कारण आपण काय बोललो हे माणसाला ऐकल्यावरच कळतं. तिसऱ्यांदा छापण्याआधी. दुसऱ्या वेळेला हमखास काहीतरी गळतं. एका भगताने स्वतःचं पाऊण तासाचं मुद्रण ऐकून शेवटची वीस मिनिटं पुसायला लावली. मी त्याच्यासमोर पुसली, दुसरी प्रतही पुसली. माझ्या तेव्हाच्या सहकाऱ्याला हे वेडेपणाचं वाटलं. त्या भगताने पुढे अकरा वर्षं मला दारातून परत पाठवलं नाही. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीला तोंडी संमती मान्य करायला लावता येते, फक्त ते मूळ प्रस्तावातच कारणासकट लिहा, मागाहून नको.

आणि संमती कोणाची? ग्रामपंचायतीचा ठराव आणला म्हणजे झालं असं समजू नका. इथली ग्रामपंचायत म्हणजे दहा-बारा पाडे, त्यांत वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी. सरपंचाने सही केली म्हणून शेवटच्या पाड्यावरच्या कातकऱ्यांनी होकार दिला असं होत नाही. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, त्याच्या २०१४च्या महाराष्ट्र नियमांनी पाड्यालाही गाव म्हणून घोषित होता येतं. जिथे तसं झालं आहे तिथे त्या पाड्याच्या ग्रामसभेत जा, नसेल तर निदान पाड्याची बैठक घ्या. आणि रात्रीची घ्या, दिवसा बायका नसतात.

केरळातल्या काणी लोकांचं उदाहरण यासाठीच घोकून ठेवावं असं आहे. १९८७ साली अगस्त्य डोंगररांगांत वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी एक लहानसं फळ खाऊन न थकता चालत होते. ते आरोग्यपाचा. त्यावरून ‘जीवनी’ नावाचं औषध निघालं, १९९५ साली त्याचा परवाना एका औषध कंपनीला दिला गेला आणि परवाना शुल्क व रॉयल्टीचा निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. लाभवाटपाचा जगातला सुरुवातीचा नमुना म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि निम्मा वाटा देणं ही त्या काळात खरंच मोठी गोष्ट होती. पण बोलणं झालं ते मोजक्या माणसांशी. ज्यांच्याकडे उपचाराचं ज्ञान परंपरेने असतं ते प्लाथी म्हणाले, आम्हाला कोणी विचारलं? पैशाच्या आकड्यापेक्षा भांडण झालं ते कोणाशी बोललात यावर.

झाडपाल्याविषयी मी तुम्हाला थोडं घाबरवणार आहे. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, जाणार. ते बंधनकारक आहे. म्हणजे परिशिष्टात ‘अमुक झाडाची साल, तमुक कंद, एवढं प्रमाण, साप चावल्यावर’ असा तक्ता टाकलात की तो जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला फुकट उघडा. काही जण म्हणतील, मग चांगलंच, छापलेलं असलं की कोणाला पेटंट घेता येत नाही. हळदीचं तसंच झालं ना? अमेरिकेत १९९५ साली हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे दाखवून १९९७ साली ते रद्द करून घेतलं. बरोबर. पण हळद सगळ्या देशाची होती, कोणाच्या घरातलं गुपित नव्हतं. भगताचं ज्ञान लिहिलं नाही तर पुरावा नाही आणि लिहिलं तर ताबा नाही, असा तो पेच आहे. तो पूर्ण सुटत नाही. आम्ही एक मधली वाट काढली आहे: झाडाचं स्थानिक नाव, कुठे मिळतं, हंगाम, ‘औषधी वापर आहे’ एवढं उघड. कशात काय मिसळायचं, किती, कधी तोडायचं, तोडताना काय म्हणायचं, ते पाड्याच्या वहीत आणि पाड्याच्या पेटीत. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)मध्ये जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा बौद्धिक संपदेचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. परीक्षकाने ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारला तर ते कलम दाखवा. मी दोनदा दाखवलं आहे.

लोक-जैवविविधता नोंदवहीचं नाव कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. कल्पना उत्तम होती. माधव गाडगीळांनी गावोगावी लोकांकडूनच निसर्गाची नोंद करून घ्यायचा विचार नव्वदच्या दशकात मांडला आणि २००२च्या जैवविविधता कायद्यात गावसमित्यांसकट तो आला. मग वर्षानुवर्षं काही झालं नाही. शेवटी हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली, उशिराला राज्यांना महिना १० लाख रुपयांचा भुर्दंड, आणि एकदम कंत्राटं निघाली. अशाच घाईत कोणा संस्थेने केलेली एक नोंदवही मी पाहिली. आमच्या डोंगराळ पाड्याच्या वहीत खाडीतले मासे होते. शेजारच्या तालुक्याची फाइल तशीच चिकटवलेली. ती वही आजही कुठेतरी अधिकृत आहे.

आता लग्नचौक. यावर जरा रेंगाळते, कारण नोंद करणाऱ्याच्या हातून काय घडतं याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. चौक काढायचा तो सवाशिणींनी, लग्नघरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. मध्ये पालघाट देवी. शेजारी छोटा देवचौक, त्यात पंचशिऱ्या हा पाच डोक्यांचा देव. धवलेरी गाते आणि त्यात देवी येते. लग्न झालं, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. ते जायचंच असतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हस्तकलेच्या सरकारी कामासाठी या भागात आले, कागद आणि रंग घेऊन. माणूस भला, लोकांवर जीव टाकणारा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची रेषा त्यांनी ओळखली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०११ची पद्मश्री, देशोदेशीची प्रदर्शनं. मशे मोठे कलावंत होते यात शंका नाही. पण एका पिढीत बायकांचा भिंतीवरचा विधी पुरुषांच्या कागदावरचा व्यवसाय झाला. पालघाट मागे पडली आणि तारपा या फुंकवाद्याभोवतीचा गोल फेर पुढे आला, कारण तो विकला जातो. कुलकर्णींची चूक होती का? मला नाही वाटत. घरात पैसे आले, ‘वारली’ हे नाव अभिमानाचं झालं, २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही इथल्याच आदिवासी तरुणांच्या प्रयत्नांनी. मात्र मानांकन नावाचं रक्षण करतं, धवलेरीचं नाही. तुम्ही कागद नेत नसाल, रेकॉर्डर नेता. त्याने काय बदलेल याचा अंदाज बांधा. मी पाहिलेलं सांगते: मुद्रण सुरू झालं की गाणाऱ्या बायका गाणं आखूड करतात, मधल्या शिव्या आणि थट्टा गाळतात, आणि जी चांगली गाते ती एकटी पुढे बसते. तीन लग्नं नुसती बसून ऐका, मग यंत्र काढा.

तारपाही हंगामी आहे. भात तयार व्हायला लागलं की तो निघतो, दिवाळीच्या आसपास टांगला जातो. भोपळा, बांबू, ताडाची पानं, मेण, एवढंच त्यात असतं, आणि उन्हाळ्यात मेण वितळतं हाही भाग आहेच. आता रिसॉर्टवाले मे महिन्यात वाजवून घेतात. तुम्ही मे महिन्यात ‘नमुन्यादाखल’ वाजवायला सांगाल तर कोणी नाही म्हणणार नाही, पण तुमच्याबद्दल मत बनेल.

हंगामाची, बायका-पुरुषांची, कुळाकुळाची ही बंधनं मुद्रणं साठवतानाही पाळता येतात. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू समाजाबरोबर ‘मुकुर्तू’ नावाची संग्रह-प्रणाली अशीच तयार झाली: कोणती नोंद कोण पाहू शकतो हे समाजाच्या रिवाजावर ठरतं, आणि मुकुर्तू म्हणजे पवित्र वस्तू जपून ठेवायची थैली. ती मोफत आहे. आमच्याकडे प्रकार साधा आहे. दोन हार्ड डिस्क, एक पाड्यावर पत्र्याच्या पेटीत, किल्ली बायकांच्या बचतगटाकडे. फाइलच्या नावातच ‘बायका’, ‘खळं’, ‘घरचं’ असं लिहिलेलं. दर पावसाळ्याआधी दोन्ही लावून बघायच्या, कारण एक डिस्क दमटपणाने गेलीच होती. लोक रोज ऐकतात ते मात्र मोबाइलच्या मेमरी कार्डावरून. म्हणून ज्याला परवानगी आहे ते गाणं एमपी३ करून वाटून टाका. मूळ मुद्रण मात्र न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही स्वरूपातच ठेवा.

मालकी पाड्याची. विद्यापीठाकडे फक्त अभ्यासापुरती प्रत, हे नोंदणीच्या वेळीच लेखी मान्य करून घ्या. नंतर ग्रंथालय ऐकत नाही.

मानधन द्यायचं. ‘पैसे दिले की माहिती बिघडते’ असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांचा पगार दर महिन्याला होतो. भाताच्या आवणीच्या दिवसांत बाई तुमच्यासाठी अर्धा दिवस बसली तर तिची रोजी बुडाली. आम्ही त्या हंगामात चालू असलेल्या रोजीच्या दीडपट देतो, गाणं कितीही लांब असो. भगताला दर गोष्टीमागे पैसे ठरवलेत तर गोष्टी वाढतील, हेही खरं, म्हणून वेळेचे पैसे द्यावे. दर पाड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवा. आणि लिहून घेणाऱ्या पोरांना महिना पगार द्या, ‘स्वयंसेवक’ म्हणू नका. शिष्यवृत्तीत ते बसत नाही, ठाऊक आहे. त्यासाठी वेगळं मागावं लागेल.

नावांचं उलटं होतं. समिती सांगेल, सगळ्यांची ओळख लपवा. वनौषधी, भूत-चेटूक, जमिनीचे तंटे, इथे जरूर लपवा. पण जी धवलेरी पन्नास वर्षं लग्नं लावते आहे तिला ‘माहितीदात्री क्र. ४’ करून टाकणं हा अपमान आहे. तिला विचारा. माझ्या ओळखीच्या एकीने तर विचारलं होतं, ‘माझं नाव नाही घालायचं तर मग गायलं कोणी?’

शेवटची चूक, माझीच. पहिल्या छापील पुस्तिकेत मी गाणी ‘समजतील अशी’ केली, म्हणजे वारली बोलीचे प्रत्यय पुसून पुस्तकी मराठी घातले, आणि कणसरीपुढे कंसात ‘अन्नपूर्णा’ लिहिलं, हिरव्या या देवापुढे ‘शंकराचं रूप’. पुस्तिका पाड्यावर वाचली गेली तेव्हा बायका आधी हसल्या. मग एक म्हणाली, ‘ही आमची कणसरी नाही. ही तुमच्या घरची कोणीतरी आहे.’ तेव्हापासून लिप्यंतर पाड्यावरचीच पोरं करतात, देवनागरीत, उच्चाराप्रमाणे, आणि मी फक्त अर्थ शेजारी लिहिते. वेळ तिप्पट लागतो. पोरांची दोन पानांवर भांडणं होतात की आजी ‘असं’ म्हणाली की ‘तसं’, मग दोघं आजीकडे जातात. ते जाणंच मला मुद्रणापेक्षा जास्त कामाचं वाटू लागलं आहे.

पीएच.डी.ला तुमच्याकडे, मुदतवाढ सोडली तर, जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. पहिलं वर्ष नोंदींविना जाईल असं धरून आराखडा करा आणि तसं मार्गदर्शकांना आत्ताच सांगा. सुरुवात दिवाळीनंतर करू नका, पाडा रिकामा असतो. होळीला जा. भट्टीवरून माणसं सणाला घरी येतात, सगळे भेटतात, बोलायच्या मनःस्थितीत असतात. वही न्या, यंत्र ठेवा. आणि आल्यावर कोणाकडे उतरलात, काय विचारलं गेलं, हे कळवा.